जुन्या पद्मिनीचे मागचे दिवे: आधी करंट पोचवा, मग एलईडी बसवा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. दारव्ह्याजवळच्या गावात १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि यवतमाळ रोडवर मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना तिचा ब्रेक लाइट दिवसा दिसत नाही. म्हणून तुम्ही पांढरे एलईडी बल्ब लावले. त्यानंतर ब्रेकचा रंग गुलाबी झाला आणि इंडिकेटर लुकलुकायचा थांबून नुसता पेटून राहू लागला. दुकानदाराने दुसरा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) दिला, तर आता एका बाजूचा इंडिकेटर लावला की चारही दिवे एकदम मारतात, म्हणजे लुकलुकतात. यापेक्षा जास्त वॅटचे एलईडी घ्यावेत का, असं तुम्ही विचारलं आहे.

वॅट वाढवून यातलं काहीच सुटणार नाही. तुमच्याकडे तीन वेगळ्या अडचणी एकात एक गुंतल्या आहेत. मूळ बल्ब मंद का होता, याचं कारण बॅटरी ते होल्डर या रस्त्यात आहे आणि ते अजून तसंच आहे. गुलाबी रंगाचा संबंध बल्बच्या रंगाशी आहे. आणि चारही इंडिकेटर एकदम मारतात त्याचा संबंध डॅशबोर्डवरच्या पायलट बल्बच्या, म्हणजे इंडिकेटर चालू असल्याचं चालकाला दाखवणाऱ्या छोट्या दिव्याच्या, वायरिंगशी आहे. याच क्रमाने काम करा. क्रम उलटा केला तर पैसे दोनदा जातात.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून असतात, त्या आधी बघून घ्या. बॅटरी चार्ज करायला तुमच्या गाडीत अजून जुना डायनॅमो आहे की नवा अल्टरनेटर बसवलेला आहे? डायनॅमो असेल तर आयडलिंगला तो जवळपास काहीच चार्ज देत नाही. रेल्वे फाटकावर ब्रेक दाबून उभे असता तेव्हा सगळे दिवे निव्वळ बॅटरीवर चालतात. दुसरं म्हणजे अर्थ, म्हणजे बॅटरीचं जे टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं आणि ज्यातून करंट परत जातो ते. पद्मिनीत निगेटिव्ह बॉडीला असतं, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. हे उत्तर कोणी जुन्या अ‍ॅम्बेसेडरसाठी वाचत असेल तर आधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला गेलंय ते बघावं. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर साधा एलईडी बल्ब उलटा लागतो आणि पेटत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी चालणारा, पोलॅरिटी नसलेला बल्ब मागावा लागतो. युद्धकाळातल्या विलीस जीपला ६ व्होल्टची यंत्रणा होती. ती बदललेली नसेल तर १२ व्होल्टचं यातलं काहीच तिला चालणार नाही.

आता मंद उजेडाचं कारण. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा असतो. म्हणजे १२ व्होल्टला एका बल्बला पावणेदोन अँपिअर आणि दोघांना मिळून साडेतीन अँपिअर लागतात. एवढा करंट फ्यूज, ब्रेकचा स्विच, मागेपर्यंतची वायर, होल्डर आणि बॉडीचं अर्थ या सगळ्यांतून जातो. प्रत्येक गंजलेल्या जोडावर थोडा थोडा व्होल्टेज खाल्ला जातो. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्यापेक्षा कितीतरी वेगाने पडतो. १३.५ व्होल्टला जेवढा उजेड मिळतो, त्याच्या दोन तृतीयांशच १२ व्होल्टला मिळतो, आणि ११ व्होल्टला निम्मा. चाळीस वर्षांच्या गाडीत होल्डरपर्यंत साडेदहा-अकरा व्होल्टच पोचतात, ही नेहमीची गोष्ट आहे. मेच्या दुपारच्या उन्हात त्या निम्म्या उजेडाचा मागच्याला पत्ताही लागत नाही.

हे मोजून बघा. पांढरे एलईडी काढून २१ वॅटचे साधे बल्ब परत लावा. त्यांच्यामुळे वायरीवर खरा भार येतो आणि दोष उघडा पडतो. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला बसवा. मीटरची लाल टोकणी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, काळी मागच्या होल्डरमध्ये ब्रेकची वायर येते तिथे. मीटरला लांब वायर जोडून घ्यावी लागेल. मीटर जो आकडा दाखवेल तेवढा व्होल्टेज वाटेत गेला. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, एक व्होल्टच्या वर गेला तर दोष आहेच. मग एक टोकणी होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब. मोजताना बल्ब होल्डरमध्ये आणि पेटलेलाच हवा. बल्ब काढून मोजलं तर करंट वाहतच नाही, आणि एकाच तारेवर लोंबणारी गंजकी वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. ‘करंट तर बरोबर येतोय’ असं मेकॅनिक सांगतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने असंच मोजलेलं असतं.

पहिला संशय अर्थवर घ्या. या दिव्यांत होल्डर एका रिव्हेटने दिव्याच्या पत्र्याला बसवलेला असतो आणि तो पत्रा स्क्रूने बॉडीला. अर्थची वेगळी वायर बहुधा नसतेच. पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ आत जाते, रिव्हेटखाली गंज धरतो आणि अर्थ तुटतं. ओळखायची खूण सोपी आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटरबरोबर टेल लाइटही मारायला लागतो. परतीची वाट बंद झालेला करंट शेजारच्या बल्बातून वाट काढत असतो, म्हणून असं होतं.

रिव्हेट घासत बसू नका. प्रत्येक होल्डरच्या पितळी किंवा पत्र्याच्या कडेला दीड चौरस मिलिमीटरची काळी वायर डाग देऊन जोडा. गंजलेल्या पत्र्यावर डाग धरत नाही, म्हणून आधी एमरी पेपरने पत्रा चकचकीत करून घ्या. डावी-उजवीकडच्या सगळ्या काळ्या वायरी डिकीत एका बोल्टवर आणा. त्या जागेचा रंग पूर्ण खरवडून पत्रा उघडा करा, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) दाबून बसवा, दात्यांचा वॉशर टाका, बोल्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा. ग्रीस आवळल्यानंतरच लावायचं. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा. मागच्या भागात पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या जवळ असतात. सोल्डरची गरम सळई चालवताना डिकी पूर्ण उघडी हवी आणि पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ती गळती बंद करायची. होल्डर पेट्रोलने धुण्याची आपल्याकडे सवय आहे, तीही इथे नको. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे वापरा.

मग येतो होल्डरच्या आतला बिंदू, म्हणजे स्प्रिंगवरचा कॉन्टॅक्ट. स्प्रिंग बसलेली असेल किंवा खालची फायबरची चकती जळून मऊ झाली असेल तर होल्डरच बदला. वाकवून, ताणून केलेली दुरुस्ती पहिल्या खराब रस्त्यावर सुटते. टेल आणि ब्रेक एकाच बल्बात असतील तर तो डबल पॉइंटचा, म्हणजे आत दोन तारा आणि तळाला दोन बिंदू असलेला असतो आणि त्याच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात. झिजलेल्या होल्डरमध्ये तो उलटाही घुसतो. मग रात्रभर ब्रेकची तार पेटून राहते आणि ब्रेक दाबल्यावर ५ वॅटची बारीक तार लागते. मागून बघणाऱ्याला ब्रेक दाबल्याचं कळतच नाही. हा दोष दिसायला क्षुल्लक आणि परिणामाने फार वाईट आहे, म्हणून दोन्ही बाजूंचा बल्ब काढून एकदा खात्री कराच.

फ्यूज बॉक्समध्ये चिनी मातीच्या, दोन्ही बाजूंना निमुळत्या टोकांच्या टॉर्पेडो फ्यूज असतील. त्यांची टोकं आणि पितळी पट्ट्या काळ्या पडतात. फ्यूज नुसता बोटाने फिरवल्यावर दिवा लागला, असं तुम्हीही कधी पाहिलं असेल. पट्ट्या घासा, थोड्या आत दाबा, नव्या ८ अँपिअरच्या फ्यूज टाका. जुन्या फ्यूजवर तार गुंडाळू नका. वायर जळायला लागली तर ती तुटावी यासाठीच फ्यूज आहे.

ब्रेकचा स्विच या काळातल्या गाड्यांत पेडलपाशी नसून मास्टर सिलिंडरवर किंवा ब्रेकच्या पाइपाच्या जोडावर असतो आणि तेलाच्या दाबाने चालतो. त्याच्या आतला कॉन्टॅक्ट साडेतीन अँपिअर झेलून झेलून जळतो. दिवा लागण्यासाठी पेडल जोरात दाबावं लागत असेल, किंवा स्विचच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्यावर दिवा जास्त प्रखर होत असेल तर स्विच बदला. तो काढला की ब्रेकच्या तेलात हवा शिरते, म्हणून बदलल्यावर ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढणं, करावंच लागतं. हे ज्याला जमतं त्याच्याकडूनच करून घ्या. ब्रेकचं तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग निघतो.

मागेपर्यंत जाणारी वायर कडक होऊन तिला तडे गेले असतील, किंवा गाडी गोठ्याशेजारी उभी राहते आणि उंदरांनी तिला दात लावले असतील, तर नवी ओढा. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत पाच मीटरला साडेतीन अँपिअरवर सुमारे ०.३ व्होल्ट जातात, दीड चौरस मिलिमीटरमध्ये ०.२. म्हणून दीडची घ्या, आणि घ्यायची ती गाडीचीच, बारीक तारांची. घरातल्या वायरिंगच्या एकेरी जाड तारेची वायर गाडीच्या कंपनाने आतून तुटते. जोडाला पीळ देऊन काळी टेप मारायची नाही. आपल्याकडच्या ४५ अंशांत टेपचा गोंद पातळ होतो आणि जोड उघडा पडतो. थिंबल दाबून वर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा.

इतकं झाल्यावर नवे २१ वॅटचे बल्ब लावून एकदा मागे तीस-चाळीस पावलांवर उभे राहून बघा. पुष्कळ गाड्यांत काम इथेच संपतं. कोणाला गाडी अगदी मूळ स्वरूपात ठेवायची असेल तर इथेच थांबावं, किंवा फार तर ब्रेकला रिले टाकावा, म्हणजे थोड्या करंटने चालून मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच. चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले घ्यायचा. ३० नंबरला बॅटरीतून १० अँपिअरच्या फ्यूजमधून वायर, ८७ मधून मागच्या दिव्यांकडे, ८६ ला स्विचकडून येणारी जुनी वायर आणि ८५ अर्थला. पाच पिनांचा हाती आला तर मधल्या ८७-ए ला काहीही जोडू नका, नाहीतर ब्रेक सोडलेला असताना दिवा पेटेल. पण एलईडी लावणार असाल तर रिले नको, असं माझं स्पष्ट मत आहे. एलईडीने करंट साडेतीनवरून अर्ध्या अँपिअरच्या आसपास येतो. तेवढ्याला स्विच सहज पुरतो, आणि रिले म्हणजे बिघडण्याची आणखी एक जागा.

आता एलईडीकडे वळू. ते लावण्यात फायदा खरा आहे. तारेचा बल्ब तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण एक पंचमांश सेकंद घेतो, एलईडी तात्काळ पेटतो. मागचा ट्रक ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर तेवढ्या वेळात तो तीन मीटरपेक्षा जास्त पुढे सरकतो, ८० ने असेल तर जवळजवळ साडेचार मीटर. डायनॅमोच्या गाडीत दुसरा फायदा म्हणजे उभ्या गाडीत बॅटरीवर भार कमी पडतो. आणि चांगल्या एलईडीच्या आतलं सर्किट व्होल्टेज थोडा पडला तरी उजेड सारखा ठेवतं.

पण रंग काचेचाच घ्या. लाल काचेमागे लाल एलईडी, नारिंगी काचेमागे नारिंगी. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भाग जास्त आणि लाल कमी असतो. लाल काच लाल तेवढं सोडते, बाकी अडवते. म्हणजे पैसे देऊन घेतलेला बहुतेक उजेड काचेतच अडतो आणि जुनी फिकट काच असेल तर थोडा निळा बाहेर झिरपून गुलाबी रंग दिसतो. लाल एलईडीचा जवळजवळ सगळा उजेड लाल काचेतून पार जातो. उन्हाने काच फिकी झाली असेल तरीही लाल एलईडीने रंग लालच राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणेही मागचा ब्रेक लालच आणि इंडिकेटर नारिंगीच हवा. गुलाबी-पांढरा उजेड तपासणीत अडकू शकतो, आणि रात्री मागच्याला तो रिव्हर्सचा दिवा वाटू शकतो, हे जास्त धोक्याचं आहे.

बल्बचा आकार बघून घ्या. मूळ बल्बची तार पिनेपासून सुमारे ३२ मिलिमीटरवर असते आणि चहूबाजूंनी उजेड टाकते. दिव्याची आतली वाटी त्याच हिशेबाने केलेली असते. फक्त टोकावर चिप असलेला एलईडी समोरून डोळ्यात खुपतो, पण वाटी अंधारी राहते आणि थोडं बाजूने पाहणाऱ्याला दिवा लागल्याचं दिसत नाही. अंगावर सगळीकडे चिप असलेला आणि शिवाय टोकालाही असलेला घ्या. वाटीचा मुलामा उडाला असेल तर घासून, प्रायमर देऊन चकाकणारा चांदी रंग मारा. जेवणाच्या डब्याची फॉइल चिकटवू नका, ती सुटून कॉन्टॅक्टला लागली की शॉर्ट होतो.

सिंगल पॉइंटचा बल्ब दुकानात ११५६ आणि डबल पॉइंटचा ११५७ नंबराने मागा. इंडिकेटरचा नारिंगी बल्ब घेताना एक गडबड होते. काही नारिंगी बल्बांच्या पिना अगदी समोरासमोर नसून थोड्या कोनात असतात आणि ते जुन्या सरळ होल्डरमध्ये बसत नाहीत. जुना बल्ब सोबत न्या आणि पिना जुळवून घ्या.

खोक्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बल्ब खरंच किती करंट घेतो ते बघा. पाव अँपिअर म्हणजे तीन वॅट, आणि चांगल्या प्रतीच्या लाल किंवा नारिंगी बल्बला तेवढं पुरतं. बल्ब दहा मिनिटं सलग चालवून बघणं मात्र गरजेचं आहे. लाल आणि नारिंगी एलईडीचा उजेड उष्णतेने पांढऱ्यापेक्षा जास्त उतरतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या बंद दिव्यात बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता असते. प्लॅस्टिकच्या अंगाचा बल्ब इथे एक उन्हाळा टिकला तरी पुष्कळ. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचा घ्या.

डबल पॉइंटच्या एलईडीत टेल आणि ब्रेक यांच्यातला फरक अंधारात तपासा. ब्रेकचा उजेड टेलपेक्षा किमान पाचपट तरी हवा. स्वस्त बल्बांत टेलच इतका प्रखर असतो की ब्रेक दाबल्यावर फारसा बदल दिसत नाही. असा बल्ब कितीही लख्ख असला तरी परत करा. रात्री मागच्याला उजेडातला बदलच दिसतो.

एलईडी बसवण्याआधी चार्जिंगही मोजा. इंजिन थोडं उठवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. जुन्या डायनॅमोचा रेग्युलेटर बिघडून १५ च्या वर देत असेल तर एलईडी एकामागून एक जातील आणि दोष बल्बला लागेल. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘चार्जिंग बघण्याची’ पद्धत तर पूर्ण बंद करा. त्या झटक्याने सगळे एलईडी एकदम उडू शकतात.

आता इंडिकेटर. तुमचा जुना फ्लॅशर गोल डब्यातला, उष्णतेवर चालणारा होता. २१ वॅटच्या दोन बल्बांचा करंट वाहिला की आतली पट्टी तापते, वाकते, सर्किट तुटतं, थंड होते, पुन्हा जुळते. एलईडीच्या करंटने ती तापतच नाही, म्हणून दिवा नुसता पेटून राहिला. त्यात बिघाड नव्हता. उपाय म्हणजे भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. दुकानात ‘एलईडीचा फ्लॅशर’ म्हणून मिळतो. त्याला तीन टोकं असतात. एकाला इग्निशनचा करंट, एक इंडिकेटरच्या स्विचकडे, आणि तिसरं अर्थला. जुन्याला ही तिसरी वायर नव्हती, ती नवी ओढावी लागते. जुन्या तीन टोकांच्या फ्लॅशरमध्ये तिसरं टोक पायलट बल्बचं असतं. ते टोक आणि नव्याचं अर्थचं टोक यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

काही लोक प्रत्येक बाजूला ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर लावून जुनाच फ्लॅशर चालवतात. चालतो, पण तो रेझिस्टर दोन अँपिअरहून जास्त करंट जाळून टाकतो आणि लांब वळणावर हात भाजण्याइतका तापतो. डिकीत वायर, कापड, कापसाचं पोतं असं काही त्याला लागून असेल तर आग लागू शकते. मी तो लावण्याच्या विरोधात आहे.

चारही दिवे एकदम का मारतात, ते असं. अनेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर एकच हिरवा पायलट बल्ब असतो आणि त्याची दोन टोकं डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या वायरींना जोडलेली असतात. डावा लावला की करंट डावीकडून पायलटमधून उजव्या बल्बांतून अर्थला जातो. उजवीकडे तारेचे बल्ब असतात तेव्हा एवढ्याशा करंटने ते पेटत नाहीत, पायलट तेवढा पेटतो. एलईडीला मात्र तेवढाच करंट पुरतो, म्हणून उजवे एलईडीही लागतात. दुकानदाराने दिलेला फ्लॅशर ठीकच आहे, बदलायचं आहे ते पायलटचं वायरिंग.

त्यासाठी १एन४००७ नंबरचे दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) लागतात, कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीला मिळतात. पायलट बल्बच्या दोन्ही वायरी सोडवा. डाव्या इंडिकेटरची वायर एका डायोडला, उजव्याची दुसऱ्याला जोडा. डायोडवर ज्या टोकाला पांढरा पट्टा असतो, ती दोन्ही टोकं एकत्र करून पायलट बल्बच्या एका कॉन्टॅक्टला आणा. बल्बचा दुसरा कॉन्टॅक्ट अर्थला द्या. होल्डरचं अंग आधीच डॅशबोर्डच्या पत्र्याला लागत असेल तर वेगळ्या अर्थची गरज नाही. पट्टा बल्बकडे, हे लक्षात ठेवा. दोन्ही उलटे लागले तर पायलट पेटणार नाही. डायोडच्या पायांवर स्लीव्ह चढवा आणि झिप टायने बांधून टाका, लोंबते ठेवू नका.

पुढचे इंडिकेटर तारेचेच ठेवले तरी या फ्लॅशरला चालतं. फक्त पुढचा हळू विझतो, मागचा पटकन, एवढा फरक दिसेल. वेग मोजा. नियमाप्रमाणे मिनिटाला ६० ते १२० वेळा मारायला हवा, म्हणजे पंधरा सेकंदांत १५ ते ३०. फ्लॅशर टिकटिक आवाज करणारा घ्या. बिनआवाजी फ्लॅशरमुळे वळल्यावर इंडिकेटर चालूच राहतो. मागच्या ट्रकला वाटतं गाडी उजवीकडे वळतेय, तो डावीकडून घुसतो, आणि अपघात होतो.

काचेचं काम लोक शेवटी ढकलतात, पण त्याला तितकंच महत्त्व आहे. काच काढून आतून साबणाच्या पाण्याने धुवा, बाहेरून बारीक रबिंग कंपाउंड फिरवा. खालचं रबर कडक झालेलं असणारच. नवं मिळालं नाही तर जाड ट्यूबच्या रबरातून काचेच्या मापाने कापून घेता येतं. सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, त्यातला आम्ल भाग तांब्या-पितळेला गंजवतो. बिनवासाचं, न्यूट्रल म्हणून मिळणारं घ्या, आणि दिव्याच्या तळाला पाणी निघायचं भोक असतं ते बुजवू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातल्या पांदण रस्त्यांनी गाडी जात असेल तर महिन्यातून एकदा काच पुसणं हे कोणत्याही नव्या बल्बइतकंच उपयोगी आहे.

तुम्ही विचारलं नाही, तरी तिसऱ्या ब्रेक लाइटचा विचार करा. पद्मिनीचे दिवे खाली आहेत. कापसाचा ट्रक अगदी मागे येऊन टेकतो तेव्हा त्याच्या उंच केबिनमधून ते दिसतच नाहीत. मागच्या काचेच्या आतून लावलेली लाल एलईडीची पट्टी दिसते. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना असा दिवा सक्तीचा झाला, तो मागून होणाऱ्या धडका कमी करण्यासाठी. त्याची वायर डिकीतल्या ब्रेकच्या वायरीवरून घ्या, टेलच्या नाही. पट्टी काचेला चिकटून बसवा आणि कडेला रबराची पट्टी लावा, म्हणजे उजेड काचेवरून आत परतून तुमच्या आरशात येणार नाही. लुकलुकणारी पट्टी घेऊ नका, ब्रेक स्थिरच पेटला पाहिजे. मागचे लाल रिफ्लेक्टर फुटलेले असतील तर तेही बदला. रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली आणि बॅटरी उतरली, तर मागच्याला दिसायला तेवढेच उरतात.

सगळं झाल्यावर एकदा सगळं एकत्र चालू करून बघा. इंजिन आयडलिंगला, हेडलाइट, वायपर, इंडिकेटर चालू, ब्रेक दाबलेला, आणि वरून हॉर्न. यात ब्रेक लाइट मंदावला किंवा इंडिकेटरच्या तालावर नाचला तर अजून कुठे तरी अर्थ कच्चं आहे. डिकीतला बोल्ट पुन्हा बघा, आणि बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी या दोन्ही पट्ट्याही. ही तपासणी एकदा भर दुपारी करा आणि एकदा रात्री, आणि मागे उभं राहून बघायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा. पेडलमध्ये काठी अडकवून तुम्ही स्वतः मागे गेलात तरी चालेल. गाडी सपाट जागेवर हवी आणि हँडब्रेक ओढलेला.

मीटरचे आकडे काढलेत की इथे लिहा: बॅटरीवर किती, होल्डरपर्यंत वाटेत किती गेले, अर्थवर किती. सोबत डायनॅमो की अल्टरनेटर तेही कळवा, म्हणजे कुठला जोड आधी उघडायचा ते सांगता येईल.